कचारगडची शिळा आणि आधुनिकांचे गूढ

माघ पौर्णिमेच्या सुमारास मुंबई-हावडा लोहमार्गावरचे दरेकसा हे एरवी सुनसान असणारे स्थानक माणसांनी भरून जाते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले कचारगड हे गोंडांचे मूळ स्थान मानले जाते. महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथून लोक धनेगावला जमतात आणि तिथून जंगलातल्या गुहेकडे चढतात. डोक्यावर तांदळाचे गाठोडे, कडेवर पोर, गळ्यात पिवळा दुपट्टा. काही वर्षांपूर्वी या चढणीवर एका तरुणाने मला थांबवून विचारले, ‘‘सर, इथे अंगात येणारे लोक नेमके कुठे असतात?’’ तो मुंबईहून आला होता. गळ्यात महागडा कॅमेरा, अंगातल्या बनियनवर कवटीचे चित्र. मुलगा स्वभावाने गोड होता, नम्र होता. तांत्रिक चित्रे, अघोरी साधू, पाश्चात्य जादूविद्या यांवर त्याने माझ्यापेक्षा दहापट वाचले होते. त्याच्या शेजारून एक म्हातारी गोंड बाई धापा टाकीत चढत होती. तिच्याकडे त्याचे लक्ष नव्हते, कारण तिच्या अंगात काही येत नव्हते. ती फक्त थकली होती.

त्या मुलाची थट्टा करण्यासाठी मी हा प्रसंग सांगत नाही. त्याचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. गेल्या साठसत्तर वर्षांत जगभरच्या आधुनिक कलेने, संगीताने, चित्रपटाने आणि पोशाखानेही विचित्राचा आणि गूढाचा जो ध्यास घेतला आहे, त्या ध्यासानेच हा मुलगा कचारगडपर्यंत आणला. तंत्र, भुते, गांजा, डमरू, स्मशान, ताईत, भविष्याचे पत्ते या गोष्टी प्रस्थापितांच्या शिस्तीविरुद्ध बंड म्हणून आल्या आणि पाहता पाहता बाजारात स्थिरावल्या. हे बंड खोटे होते असे म्हणण्याचा उथळपणा आपण करू नये. अमेरिकेतल्या ज्या तरुणांनी कारखाना, कचेरी आणि व्हिएतनामचे युद्ध नाकारले, त्यांच्या नकारात सच्चेपणा होता. पण नकार देऊन झाल्यावर माणसाला काहीतरी हाती लागते, आणि ते कुठून आले हे विचारावे लागते. या गूढाचा कच्चा माल कोणाच्या घरातून उचलला गेला? त्याचे मोल कोणी दिले? आंबेडकरी वाङ्मयीन विचाराने हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने हाताळलेला नाही. आपण गूढाला ‘अंधश्रद्धा’ हा एक शब्द चिकटवतो आणि पुढे निघतो.

१९५६ च्या शरद ऋतूत दोन गोष्टी घडल्या. १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञांनी देवदेवतांचा, श्राद्ध-पिंडदानाचा भार खाली ठेवायला सांगितले. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेत ॲलन गिन्सबर्गचा ‘हाऊल’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि एका पिढीचा जाहीरनामा ठरला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण त्यांच्या दिशा पाहा. हा कवी १९६२ साली मुंबई बंदरात उतरला आणि पुढे कलकत्ता आणि बनारस येथे साधू, स्मशान आणि चिलीम यांच्या शोधात राहिला. आमच्या भागातले बाप त्याच सुमारास देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडत होते. पुढे १९७२ साली गिन्सबर्गने तिबेटी गुरू चोग्याम त्रुंग्पा यांच्याकडे बौद्ध धर्माची शरणागती पत्करली. म्हणजे बुद्धाकडे दोघेही आले. एकाला गूढ हवे होते म्हणून, आणि दुसऱ्यांना गूढाच्या नावाने चाललेल्या गुलामीतून बाहेर पडायचे होते म्हणून.

बनारसच्या मणिकर्णिका घाटाचेच घेऊ. तिथले जळते सरण पाहून परदेशी कवींना, चित्रकारांना, छायाचित्रकारांना मृत्यूचे रहस्य उलगडल्यासारखे वाटले. मृत्यूपुढे माणूस हलतो हे स्वाभाविक आहे. परंतु त्या सरणाशी बांबू घेऊन जो माणूस उभा आहे तो डोम आहे. तो रहस्यासाठी तिथे उभा नाही. त्याचा बाप उभा होता म्हणून तो उभा आहे. धुराने त्याचे डोळे गेलेले असतात, आणि ज्यांची प्रेते तो जाळतो त्यांच्या घरात त्याला पाणी मिळत नाही. पाहणाऱ्याला जे गूढ दिसले ते करणाऱ्याचे जातीने लादलेले काम होते. घाटावरच्या धुराबद्दल एवढे लिहिले गेले, पण डोमाची मजुरी किती, हा प्रश्न त्या लिखाणात क्वचितच येतो. आमचे म्हणणे समजण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे. गूढ ही वस्तूची जात नसते. पाहणारा आणि भोगणारा यांच्यामध्ये जे अंतर असते त्या अंतराला गूढ म्हणतात, आणि आपल्या देशात ते अंतर बहुधा गावकुसाएवढे असते.

गिन्सबर्ग मुंबईत आला तेव्हा मराठीत लघुअनियतकालिकांची चळवळ आकार घेत होती. ‘शब्द’ १९५४ मध्येच निघाले होते, अशोक शहाणे यांचे ‘असो’ १९६३ मध्ये आले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले ही नावे या चळवळीशी जोडलेली आहेत. मराठी भाषेची पांढरपेशी इस्त्री या मंडळींनी मोडली, आणि या ऋणाचा उच्चार केला पाहिजे. दलित कवितेला जी मोकळी वाट मिळाली, तिचा काही भाग या मंडळींनी खणला होता. राजा ढाले तर दोन्हीकडचे. परंतु त्याच दशकातल्या अमेरिकेने आपल्याकडे दोन वस्तू पाठवल्या. एक गिन्सबर्गची चिलीम, आणि दुसरी १९६६ साली ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरची मूठ. मध्यमवर्गीय बंडखोराने पहिली उचलली. झोपडपट्टीतल्या मुलांनी १९७२ मध्ये दुसरी उचलली आणि दलित पँथर उभी राहिली. साहित्याच्या इतिहासात ही निवड केवळ राजकीय म्हणून नोंदली जाते. मला ती वाङ्मयीनही वाटते. जगण्यातच इतके विचित्र भरलेले असताना ते बाहेरून आणण्याची गरज कोणाला पडते?

त्याच १९७२ च्या ‘गोलपिठा’कडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. नामदेव ढसाळांबरोबर ते त्या वस्तीत फिरले, अनेक शब्दांचे अर्थ त्यांनी कवीला विचारून घेतले. तेंडुलकरांचा प्रामाणिकपणा असा की हे त्यांनी लपवले नाही. पण पुढच्या कित्येक समीक्षकांनी ‘गोलपिठा’चे कौतुक केले ते अद्भुत, भयंकर, अतिवास्तव अशा विशेषणांनी. ढसाळांच्या वस्तीतल्या माणसाला त्यात अतिवास्तव काय दिसले असते? त्याला तो त्याच्या गल्लीचा नकाशा वाटला असता. ज्या लेखनाची भाषा आपल्याला कळत नाही त्याला गूढ म्हणून वर चढवणे ही अस्पृश्यतेचीच एक सभ्य रीत आहे. शिवायचे नाही, पण ओवाळायचे.

गूढाचा बाजार कसा बसला हे सांगायला आमच्या भागातून फार दूर जावे लागत नाही. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला एक छोट्या रुळांची गाडी जात असे. आता तिथे मोठी लाइन झाली आहे. त्या जबलपुरात तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी करणारे रजनीश १९७० मध्ये मुंबईला गेले, १९७४ मध्ये पुण्यात आश्रम थाटला, १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनला पोचले. बाकीची कथा सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यावर मी जास्त शाई घालवणार नाही. एवढेच म्हणतो की तंत्राची भाषा वातानुकूलित खोलीत गेली तेव्हा ती मुक्ती ठरली, आणि तीच भाषा सालेकसाच्या टोलीतला बैगा बोलतो तेव्हा तो अडाणी ठरतो. मी बैग्याची बाजू घेत नाही. फरकाकडे बोट दाखवतो आहे.

मराठी गूढकथेचेही असेच आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी या प्रकाराला मोठा वाचक मिळवून दिला, आणि मी स्वतः विद्यार्थिदशेत धारपांची पुस्तके रात्र रात्र वाचली आहेत हे कबूल करतो. भीती उभी करण्याचे त्यांचे कसब वादातीत आहे. पण ही भीती कोणत्या घरात शिरते? बहुधा वाड्यात, वारसाहक्काने आलेल्या घरात, माजघरात, अडगळीच्या खोलीत. धारपांच्या कथांतला तारणहार ‘समर्थ’ या नावाचा आहे, हेही सहज म्हणून सोडून देता येत नाही. २०१८ च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने ही परंपरा पडद्यावर नेली, आणि तिथे मात्र एक जाग दिसते. पुराचे पाणी चढावे तसा वाड्यातल्या पुरुषांचा लोभ चढत जातो आणि राक्षस म्हणजे मालमत्तेचीच भूक, हे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ओळखले आहे. म्हणून तो चित्रपट मला आवडला. तरी त्या भिजलेल्या गावात आमची वस्ती कुठे होती, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

‘कांतारा’ २०२२ मध्ये आला आणि गोंदियाच्या चित्रपटगृहातही तो हिंदीतून लोकांनी डोक्यावर घेतला. तुळूनाडूत दैवाचा कोला करणारे पंबद, नलिके, परव हे अनुसूचित जातींतले समाज. ज्या रात्री दैव अंगात येते त्या रात्री जमीनदार त्यांच्यापुढे हात जोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो ते सांगायला नको. चित्रपटाने त्या रात्रीची किंकाळी देशभर पोचवली, आणि काही प्रेक्षक चित्रपटगृहात दैवाचे सोंग घेऊन नाचू लागले. तेव्हा तुळूनाडूतून हरकती आल्या, आणि त्या योग्य होत्या. किंकाळी सोंगाला उपयोगी पडली, सकाळ कोणाच्याच उपयोगी पडली नाही.

आता कचारगडकडे परत येऊ, कारण माझे खरे म्हणणे तिथल्या शिळेशी आहे. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून लिंगोचे दीर्घ गीत टिपून घेतले. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, त्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवणारे. हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्या गीतात असे येते की गोंड रानात पसरले, वाटेल ते खाऊ लागले, अंघोळ करीनात, त्यांचा वास धवलगिरीपर्यंत गेला आणि महादेव संतापला. त्याने आपल्या अंगातून खार उत्पन्न केली, तिच्या मागे धावणाऱ्या गोंडांना गुहेत शिरवले आणि दारावर शिळा लोटली. चारजण तेवढे वाचले. पुढे लिंगोने बाकीच्यांना सोडवले आणि त्यांना कुळे, देव व रीत दिली. आज कचारगडला सांगितली जाते ती कथा जराशी वेगळी आहे. तीत काली कंकालीची तेहतीस मुले गुहेत कोंडलेली आहेत, जंगो रायताड त्यांची माय होते, आणि पारी कुपार लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटारी हा वाद्य वाजवणारा आपल्या सुरांनी मुलांत बळ आणतो. शिळा हलते, मुले बाहेर येतात, आणि हिरासुका मात्र त्याच शिळेखाली चिरडला जातो.

या कथेत गूढ काय आहे? वास येतो म्हणून देवाने माणसांना कोंडले, यात आम्हाला तरी काही गूढ वाटत नाही. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवरून याच कारणाने हाकलत. पण हेच गीत जेम्स फॉर्सिथ यांच्या हाती पडले तेव्हा काय झाले पाहा. फॉर्सिथ मध्य प्रांताच्या नव्या जंगल खात्याचे अधिकारी, पचमढीचा प्रदेश हिंडलेले. १८७१ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिंगोचे गीत लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर इंग्रजी पद्यात घातले. म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासींवर एका गोऱ्या कवीने बेतलेला पोशाख गोंडांच्या गीताला चढवला. इंग्रजी वाचकाला दूरच्या रानातली एक अद्भुत आख्यायिका मिळाली. त्याच काळात त्याच खात्याने ज्या रानाचे ते गीत होते ते रान राखीव करायला घेतले. गाणे आणि सागवान एकाच कचेरीतून बाहेर गेले. आधुनिक संस्कृतीने आदिवासींच्या विचित्राचा केलेला वापर म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी गिन्सबर्गच्या आधी फॉर्सिथचे नाव घेईन.

म्हणूनच १९८० च्या दशकापासून कचारगडच्या यात्रेला जे नवे रूप आले त्याचे महत्त्व आपल्या वर्तुळात कमी लेखले गेले आहे. त्यात मोतीरावण कंगाली यांचा वाटा मोठा. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता त्यांनी गोंडी भाषा, लिपी आणि कोया पुनेम यांवर ग्रंथ लिहिले. सुन्हेरसिंह ताराम यांच्या ‘गोंडवाना दर्शन’ या मासिकाने तो विचार गावोगाव नेला. नावातच ‘रावण’ धारण करणारा हा माणूस २०१५ मध्ये वारला. त्यांनी केले ते असे की ज्या देवांना जनगणनेच्या कागदावर हिंदूंच्या रकान्यात ढकलले जात होते, त्यांना स्वतःचे नाव, कुळ आणि तत्त्वज्ञान मिळवून दिले. शिळा दुसऱ्यांदा हलवण्याचाच हा प्रयत्न आहे.

येथे मित्रत्वाने मतभेदही नोंदवले पाहिजेत. सिंधू संस्कृतीची लिपी गोंडीतून वाचल्याचा कंगाली यांचा दावा लिपितज्ज्ञांनी स्वीकारलेला नाही. ती लिपी आजही सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. प्राचीनता सिद्ध झाली तरच माणुसकी मिळेल, हा धाक प्रस्थापितांनी घातलेला आहे. आपण त्या धाकाला बळी का पडावे? दुसरे असे की यात्रेत जसे पुस्तकांचे स्टॉल असतात तसे ताईत आणि जडीबुटी विकणारेही असतात, आणि पुनेमाचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या व्यासपीठावरून त्यांच्याविरुद्ध एखादा शब्द ऐकू यावा अशी माझी अपेक्षा आहे. हे बोलण्याचा अधिकार मला बौद्ध म्हणून नाही, शेजारी म्हणून आहे. आणि शेजाऱ्याला आधी स्वतःच्या घरातले सांगावे लागते.

ते सांगतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पडले. त्या पराभवाची सल आमच्या टोलीत वर्षानुवर्षे होती. दीक्षेनंतर टोलीने मातामायची पूजा सोडली, पोतराज बंद केला. वडिलांनी हातांनी टाक नेऊन पाण्यात टाकले. मी चारपाच वर्षांचा असताना मला ताप आला, उतरेना. दवाखाना बारा कोसांवर, रोवणीचे दिवस, बांधीतून गाडी निघत नव्हती. तेव्हा माय रात्री, वडिलांना न सांगता, मला पाठीशी बांधून पलीकडच्या गावच्या बैग्याकडे घेऊन गेली. हे तिने मला तीस वर्षांनी सांगितले, आणि सांगताना तिला चोरी केल्यासारखे झाले होते. माझा ताप मोडला तो आपोआप मोडला, हे आता मी जाणतो. पण दवाखाना आणि बैगा यांच्यामधले बारा कोस वगळून माझ्या मायची ‘अंधश्रद्धा’ समजावून घेता येईल असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

दुसरी गोष्ट जास्त कठीण. मी शाळेत असताना आमच्याच टोलीतल्या एका विधवेवर जादूटोण्याचा आळ आला. एका घरातली दोन लेकरे लागोपाठ गेली होती. आळ घेणारे सवर्ण नव्हते. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या त्यांच्यातलेच होते. तिला आखरावर ओढत नेले, केस कापले, मूठ मारते असे कबूल करायला लावले. तिच्या नवऱ्यामागे दीड एकर धानाची बांधी होती आणि दिराचा तिच्यावर डोळा होता, हे साऱ्या टोलीला ठाऊक होते. वर्षभरात बांधी दिराकडे गेली. म्हातारी भावाच्या गावाला जाऊन राहिली आणि तिथेच मेली. ज्यांना काळी जादू ही एक आकर्षक, बंडखोर कल्पना वाटते, त्यांनी त्या कल्पनेला सातबाराचा उतारा जोडून पाहावा. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये अशा बाईला टोनही म्हणतात, आणि तिच्या छळाविरुद्ध तिथे २००५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. इतकी वर्षे अडवून धरलेल्या कायद्याची शिळा एका माणसाच्या जिवावर हलली.

म्हणजे आमच्या बाजूला दोन्हीकडून कोंडी आहे. आमचे देव, आमची भुते, आमचे नाच कोणी गूढ म्हणून सजवून विकतो, आणि त्याच गोष्टींच्या नावाने आमच्याच बायकांची केसकापणी होते. पहिल्याला उत्तर द्यावे तर आपण अंधश्रद्धेचे समर्थक ठरतो. दुसऱ्याला उत्तर द्यावे तर नारळातून जाळ काढून दाखवणाऱ्या, गावाला हसणाऱ्या कार्यकर्त्याच्या पंगतीत बसतो. असे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्यांचे काम मोलाचे आहे आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी मार खाल्लेला आहे. पण एकदा एका गोंड टोलीत प्रयोग संपल्यावर एक म्हातारा मला म्हणाला, ‘‘गुरुजी, त्या पोराने भुताला खोटं पाडलं ते बरं झालं. पण तो लिंगोलाही हसला.’’ भूत आणि लिंगो यांतला फरक त्या म्हाताऱ्याला कळत होता. आमच्या कार्यकर्त्याला कळत नव्हता.

लेखनाने ही कोंडी कशी फोडावी, याचे उदाहरण बाहेर शोधण्याचे कारण नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकात आषाढातले अंगात येणे, पोतराज, देवीच्या नावाने घुमणाऱ्या बाया यांचे तपशीलवार वर्णन आहे. १९८२ च्या सुमारास ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तक झाले. त्या अज्ञानावर कोरडे ओढतात. पण वर्षभर उपाशी, सासुरवाशीण, मार खाणारी बाई त्या घटकाभरात देवी होते, घर तिच्यापुढे वाकते आणि ती मनासारखे बोलते, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. घुमणाऱ्या बाईचे पोट त्यांना दिसते. बाहेरून येणाऱ्याला फक्त मोकळे केस दिसतात. गूढ सांगण्याची ही रीत मराठी गूढकथेने शिकायला हवी होती, पण ‘जिणं आमुचं’ला आपण आत्मकथनाच्या फळीवर ठेवले आणि गूढकथेला रंजनाच्या फळीवर, त्यामुळे दोघींची गाठच पडली नाही.

विचित्र आपल्या मालकांच्या हातात असले म्हणजे काय करते, हे आमच्या भागात दरवर्षी दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली आहे. रोगराई घेऊन जा म्हणून पुतळा गावाबाहेर नेऊन जाळायचा, हा मूळ विधी. आज तिच्याबरोबर निघणाऱ्या बडग्यांवर महागाई, भ्रष्ट पुढारी, परीक्षेतले घोटाळे यांची नावे असतात. रोगाची देवी वेशीबाहेर घालवण्याचे काम इथे साऱ्या समाजाने अंगावर घेतले आणि तिला राजकीय शेरेबाजी शिकवली. मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलण्याचे काम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी महारांच्या माथी होते. त्या कामाशी मारबत ताडून पाहावी. दिवाळीनंतर धान घरी आले की गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार, रात्री नाटक. त्या दंडारीत भुते येतात, पण ती सावकारासारखी बोलतात आणि पोरे खदाखदा हसतात. तिथे कोणी कॅमेरा घेऊन ‘वातावरण’ शोधायला आल्याचे मला आठवत नाही. हसणाऱ्या माणसांत गूढ सापडत नसावे.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक विद्यार्थी आला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कथा लिहितो. आखरावर ओढल्या गेलेल्या त्या विधवेचा हा पणतू. तिच्यावर त्याने कथा लिहिली होती आणि शहरातल्या एका स्पर्धेला पाठवली होती. परीक्षकांचा अभिप्राय त्याने मला दाखवला. भाषा चांगली, विषय दमदार, परंतु गूढ वातावरण कमी पडते. म्हातारी खरोखरच चेटकीण होती की नव्हती ही संदिग्धता शेवटपर्यंत राखली असती तर परिणाम वाढला असता. सूचना सद्भावनेने केलेली होती, अक्षरही सुबक होते. मुलाने मला विचारले, ‘‘सर, संदिग्धता कशी राखू? मला तर माहीत आहे.’’

आम्ही दोघे तलाठ्याकडे गेलो. जुना उतारा निघाला. त्यावर दिराचे नाव कोणत्या वर्षी चढले ते त्याने वहीत उतरवून घेतले. त्या वर्षी गावात गोवर आला होता, हे एका निवृत्त परिचारिकेने सांगितले. तेही त्याने टिपले. आता तो कथा पहिल्यापासून लिहितो आहे. सुरुवात गोवराने होते.